पेनसिल्व्हेनियाच्या रानात .30-30 : एवढं पुरतं का? पुरतं!
इकडे नवीन आलेली मराठी मंडळी विचारत असतात की हरणासाठी कोणतं कॅलिबर (काडतुसाचं माप) घेऊ, म्हणून माझ्या मार्लिन 336 बद्दल, म्हणजे .30-30 काडतुसाच्या लिव्हरवाल्या रायफलबद्दल, एकदाच लिहून टाकतो. भारतातल्यांनी नुसतं वाचा, आपल्याकडे 1972 च्या कायद्यानंतर हौसेच्या शिकारीचा विषयच संपला आणि बरंच झालं.

आधी बघा रानात दिसतं किती लांब. इथे ओक, हेमलॉक, मधे माउंटन लॉरेलची दाट झुडपं, हरीण दिसतं तेच पन्नास-ऐंशी यार्डावर. आणि दुकानातला माणूस गळ्यात मारणार .300 विन मॅग हे कितीतरी जोरकस काडतूस, म्हणे पाचशे यार्डावरून पाडते. अरे बाबा, पाचशे यार्ड मोकळे दिसले तर ना! धक्का .30-30 च्या दुपटीहून जास्त, मग नवशिका ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटतो, खांदा आखडतो आणि गोळी भलतीकडेच.

.30-30 आलं 1895 मध्ये. 150 ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला साधारण 2,390 फुटांनी निघते, 100 यार्डावर झीरो केली, म्हणजे निशाण तिथे जुळवलं, तर 200 वर सात-आठ इंच खाली जाते. हरणाची हृदय-फुप्फुसाची जागा साधारण आठ इंच, म्हणजे 150 पर्यंत बिनधास्त, पुढे मी तरी मारत नाही. जखमी हरीण रात्रभर शोधत फिरण्यापेक्षा सोडून दिलेलं परवडलं.

एक भानगड आहे. मार्लिनच्या नळीच्या मॅगझिनमध्ये (गोळ्या भरून ठेवायच्या जागेत) गोळ्या एकामागे एक बसतात, टोकदार असेल तर टोक थेट पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला, म्हणजे बुडाच्या ठिणगी पाडणाऱ्या भागाला टेकतं, धक्क्याने आतच उडायची भीती. म्हणून चपट्या नाकाच्याच घ्यायच्या, नाहीतर हॉर्नडीच्या लेव्हरेव्होल्यूशन, त्यांचं टोक मऊ असतं. रिकामी करताना एकेक काडतूस लिव्हर ओढून बाहेर काढावं लागतं ते मात्र कंटाळवाणं, थंडीत बोटं बधिर झाली की आणखीनच.

6.5 क्रीडमूर हे काडतूसही चांगलंच आहे, धक्काही कमी, पण ते 2007 मध्ये आलं ते लांबच्या टार्गेट शूटिंगसाठी. त्याची खरी मजा वायोमिंगच्या माळावर, इथल्या झाडीत 200 यार्डांच्या आत ते आणि .308 हे दुसरं काडतूस यांच्या गोळीच्या घसरणीत जेमतेम फरक पडतो. शेताच्या कडेला बसणार असाल आणि एकच रायफल घ्यायची असेल तर सरळ .308 बोल्ट अ‍ॅक्शन (दर गोळीला हाताने खिटी ओढायची रायफल) घ्या, गोळ्या कुठेही मिळतात.

काहीही घेतलंत तरी सीझनआधी रेंजवर पेपर प्लेट लावा आणि बेंचवरून नाही, गुडघ्यावर बसून पाच गोळ्या मारा. जिथवर पाचही प्लेटमध्ये जातात तेवढीच तुमची रेंज, गोळ्यांच्या डब्यावर काहीही छापलेलं असो. आणि फ्लोरोसंट नारंगी कपडे विसरू नका, इकडे रायफल सीझनला डोकं-छाती-पाठ मिळून 250 चौरस इंच लागतं, नुसत्या टोपीवर भागत नाही.