टॉर्स हायड्रो, न्यू मिल्स : जुन्या बंधाऱ्यावरची ६३ किलोवॉट वीज

इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात, गॉइट आणि सेट या नद्यांच्या संगमाजवळ १९१२ साली जळून गेलेल्या टॉर गिरणीचा बंधारा तेवढा शिल्लक होता. न्यू मिल्सच्या रहिवाशांनी पुढाकार घेऊन, समभाग विकून भांडवल उभे केले आणि २००८ मध्ये तेथे ६३ किलोवॉटचे जलविद्युत केंद्र सुरू केले. मँचेस्टरहून रेल्वेने येणाऱ्यास स्थानकाखालच्या घळईत उतरून ते पाहता येते; उतार मात्र चांगलाच तीव्र आहे.

येथे आर्किमिडीजचा स्क्रू बसवलेला आहे. पाणी उपसण्याचे हे प्राचीन यंत्र उलटे चालवलेले असून, वरून सोडलेल्या पाण्याच्या भाराने २.४ मीटर व्यासाचे पोलादी मळसूत्र सावकाश फिरते. गती कमी असल्याने मासे सहसा सुखरूप खाली उतरतात आणि पालापाचोळ्यानेही फारसे अडत नाही. सेकंदाला तीन घनमीटर पाणी तीन मीटर खाली आले, तर त्यात सुमारे ८८ किलोवॉट शक्ती असते. त्यातली सत्तर टक्के हाती लागली की ६२ होतात, म्हणजे पाटीवरचा आकडा फुगवलेला नाही.

आक्षेप आहे तो वार्षिक अंदाजाला. २,४०,००० युनिटांची अपेक्षा धरली होती. याचा अर्थ यंत्राने वर्षभरात पूर्ण क्षमतेच्या ४३ टक्के काम करावे. अशा नदीवर मला हे आशावादी वाटते. कोरड्या उन्हाळ्यात बंधाऱ्यावरून आणि मत्स्यमार्गातून आधी पाणी सोडावे लागते, तर पुरात खालची पातळी चढून उंचीतला फरकच आटतो. तरीही तयार झालेली वीज शेजारच्या सहकारी सुपरमार्केटला विकण्याची योजना व्यवहारी होती, कारण शीतकपाटांना रात्रंदिवस वीज लागतेच.

हे पाहून आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवर असेच यंत्र बसवावे, असे कोणालाही वाटेल. पण पावसाळ्यात, ऐन प्रवाहाच्या दिवसांत, तेथील बर्गे (पाणी अडवणाऱ्या काढत्या-घालत्या फळ्या) काढलेले असतात आणि ते घातल्यावर प्रवाह राहत नाही. त्यापेक्षा कालव्याची पातळी जेथे एकदम उतरते ती ठिकाणे अधिक योग्य आहेत. आवर्तन, म्हणजे कालव्यात पाणी सोडण्याची पाळी, चालू असेपर्यंत तेथे पाणी बऱ्यापैकी एकसारखे मिळते, पुराची धास्ती नसते; आवर्तन संपले की यंत्र बंद राहणार, हे गृहीत धरूनच हिशेब मांडावा लागेल.