पॅच पॅनेल, स्विच आणि रॅक: काही महिन्यांच्या वापरानंतर

ऑफिसच्या नेटवर्कची उपकरणं ठेवायचा रॅक लावून झाला त्या दिवशी सगळ्यांचाच नीटनेटका दिसतो. त्याची खरी परीक्षा पुढच्या महिन्यांत होते. कोणाची जागा बदलते, एखादा कॅमेरा वाढतो, घाईच्या वेळी कोणीतरी सापडेल ती लांब कॉर्ड खोचून जातो आणि बघता बघता स्विचचे (उपकरणांना नेटवर्कशी जोडणाऱ्या पेटीचे) दिवे तारांच्या जंजाळामागे दिसेनासे होतात. आमच्या ऑफिसच्या रॅकने या काळात एक अख्खा उन्हाळा काढला, एक विभाग या टोकाकडून त्या टोकाला हलला, कॅमेरे आणि वाय-फायचे अ‍ॅक्सेस पॉइंट वाढले. तरीही समोरच्या तारा पहिल्या दिवशी होत्या तशाच आहेत. याचं श्रेय मी एकाच निर्णयाला देतो: पॅच पॅनेलचा (भिंतीवरच्या सॉकेटांच्या केबल जिथे येऊन संपतात त्या पट्टीचा) प्रत्येक पोर्ट सुरुवातीलाच स्विचच्या त्याच क्रमांकाच्या पोर्टला जोडून टाकायचा आणि पुढचा प्रत्येक बदल स्विचच्या सेटिंगमध्ये करायचा.

मांडणी साधी आहे. 22 यूचा (यू म्हणजे रॅकच्या उंचीचं एकक), जमिनीवर उभा राहणारा रॅक. वर फायबरचं टर्मिनेशन आणि राउटर. त्याखाली 24 पोर्टचं पॅनेल, त्याला चिकटून 24 पोर्टचा पीओई (नेटवर्कच्या केबलमधूनच वीजही देणारा) स्विच, मग 24 पोर्टचा साधा मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच आणि त्याखाली दुसरं पॅनेल. म्हणजे दोन्ही स्विच मध्ये आणि प्रत्येकाचं पॅनेल त्याच्या लगत. त्यामुळे मधे केबल मॅनेजर लागत नाही आणि समोरची एकही कॉर्ड वीतभरापेक्षा फारशी लांब नाही. खाली कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, तळाशी यूपीएस.

पॅनेलवरचा 17 म्हणजे स्विचवरचाही 17, म्हणजेच भिंतीवरच्या सॉकेटवरचाही 17. विभाग हलला तेव्हा कोणालाही रॅकचं दार उघडावं लागलं नाही. नव्या जागेचे पोर्ट त्या विभागाच्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या केलेल्या भागात) टाकले, जुन्या जागेचे बंद केले आणि काम संपलं. जे सॉकेट वापरात नाहीत त्यांचे पोर्टही स्विचवर बंद ठेवलेले असतात, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याने रिकाम्या सॉकेटला लॅपटॉप लावला तरी आत शिरता येत नाही. या पद्धतीची किंमतही सांगितली पाहिजे. वापर असो वा नसो, प्रत्येक सॉकेटसाठी स्विचचा एक पोर्ट अडकून पडतो. सॉकेट शेकड्यांनी असतील आणि निम्मे रिकामे असतील, तर मी हा सल्ला देणार नाही. पन्नासच्या आसपासच्या जागेत मात्र तो पोर्ट वाया गेला असं मला एकदाही वाटलं नाही.

छोट्या कॉर्डबद्दल एक बारकावा, जो विकत घेण्याआधी माहीत असलेला बरा. पॅनेलचे 24 पोर्ट एका रांगेत पूर्ण रुंदीभर पसरलेले असतात. स्विचचे बहुधा 12-12 च्या दोन रांगांत, थोड्या रुंदीत दाटीने बसवलेले, कारण उरलेली जागा एसएफपीच्या (फायबर किंवा वेगवान जोडणीच्या मॉड्यूलच्या) खाचांना लागते. मधल्या पोर्टांना 15 सेंटिमीटरची कॉर्ड छान बसते. कडेच्या पोर्टांना तीच कॉर्ड तिरकी ताणली जाते आणि प्लगच्या मानेवर जोर येतो. तिथे 25 ते 30 सेंटिमीटरच्या कॉर्ड घ्या. छोट्या कॉर्डनाही फार तीव्र वळण देऊ नये. 28 गेजच्या बारीक कॉर्ड इथे सोयीच्या पडतात, दिवे दिसतात, बोटं आत जातात. पण तार बारीक म्हणजे रोध जास्त, तेव्हा लांब अंतरासाठी आणि जास्त वॉटच्या पीओईसाठी मी जाड कॉर्डच वापरतो.

मागच्या बाजूच्या केबलचे जुडगे प्लास्टिकच्या टायने आवळलेले नाहीत, वेल्क्रोने सैलसर बांधलेले आहेत. आवळलेल्या टायमुळे आतल्या जोड्यांचा पीळ दबतो आणि नवी केबल घालायची तर प्रत्येक टाय कापावा लागतो. केबल स्वतः शुद्ध तांब्याची आहे ना, हे टोक कापून बघाच. वरून तांबूस आणि आतून चंदेरी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार आहे. अशी तार कॅट 6 च्या (नेटवर्क केबलच्या एका दर्जाच्या) मानकात बसत नाही, आणि पीओईखाली जास्त तापते.

पीओईवर मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण या काळात माझा सर्वांत जास्त विचार त्यात गेला. आमच्या स्विचची पीओईची एकूण क्षमता 370 वॉट आहे. हा आकडा बाजारात वारंवार दिसतो आणि त्याचं गणित सरळ आहे: 2003 च्या 802.3एएफ मानकाप्रमाणे पोर्टला 15.4 वॉट, गुणिले 24, म्हणजे 369.6. परंतु 2009 च्या 802.3एटीची, म्हणजे पीओई प्लसची, 30 वॉट घेणारी उपकरणं लावली, तर तोच स्विच बारा पोर्टांवर संपतो. खोक्यावर 24 पोर्ट पीओई प्लस असं लिहिलेलं असतं, ते खोटं नसतं. प्रत्येक पोर्ट 30 वॉट देऊ शकतो, सगळे एकदम देऊ शकत नाहीत.

दुसरी गोष्ट कॅमेरे रात्री चालू राहिल्यावर कळते. अंधार पडला की इन्फ्रारेड दिवे लागतात आणि कॅमेऱ्याचा वापर वाढतो. दुपारी स्विचच्या पानावर पाहिलेला आकडा धरून हिशेब केला तर तो अपुरा पडतो, रात्रीचा आकडा धरायचा. तिसरी गोष्ट, स्विच वीज राखून कशी ठेवतो. काही स्विच उपकरणाच्या क्लासप्रमाणे (विजेच्या गरजेच्या ठरलेल्या गटाप्रमाणे) पूर्ण वाटा बाजूला काढतात, मग उपकरण प्रत्यक्षात 5 वॉट घेत असलं तरी 15.4 अडकतात. आमच्या स्विचमध्ये हे प्रत्यक्ष वापरावर ठेवता येतं आणि तसं केल्यावर नव्या अ‍ॅक्सेस पॉइंटना जागा मिळाली. सोबत पोर्टांना अग्रक्रम दिला: अ‍ॅक्सेस पॉइंट आणि दाराजवळचा कॅमेरा वर, बाकीचे खाली. वीज कमी पडली तर काय आधी बंद व्हावं हे आपण ठरवलं नाही तर स्विच आपल्या नियमाने ठरवतो.

आणि हे सगळे वॉट यूपीएसवरच येतात. स्विचचा स्वतःचा वापर किरकोळ असतो. त्याच्यामागे लटकलेले कॅमेरे आणि फोन धरले की बॅकअपचा वेळ भराभर खाली येतो. यूपीएस निवडताना हा भार मोजूनच निवडा.

उष्णतेच्या बाबतीत रॅक ठीक आहे, फार चांगला नाही. आमचा पीओई स्विच एका कुशीतून हवा घेतो आणि दुसऱ्या कुशीतून बाहेर टाकतो. 600 मिलिमीटर रुंदीच्या रॅकमध्ये 19 इंचाच्या उपकरणाच्या दोन्ही बाजूंना फारशी जागा उरत नाही, गरम हवा तिथेच घोटाळते. उन्हाळ्यात स्विचच्या आतलं तापमान चढलेलं दिसलं तेव्हा छतावरचे पंखे कायम चालू ठेवले आणि बाजूचे पत्रे काढले, त्यानंतर आकडा खाली आला. नव्याने घेणाऱ्याला मी 800 मिलिमीटर रुंदीचा रॅक सुचवेन. बाजूने हवाही फिरते आणि उभे केबल मॅनेजरही बसतात. आवाजाचंही आधी बघा. 1 यू उंचीत 40 मिलिमीटरचेच पंखे मावतात, ते वेगाने फिरतात आणि सुरू होताना तर किंचाळतात. माणसं बसतात त्या खोलीत असा स्विच ठेवू नये.

लेबलांसाठी केबलभोवती गुंडाळून वरून पारदर्शक पट्टी येणारा प्रकार वापरला, दोन्ही टोकांना. एकही लेबल अजून सुटलेलं नाही. लेबलवर माणसाचं नाव घालायचं नाही, जागेचा क्रमांक घालायचा, कारण माणसं हलतात. तेच नाव स्विचच्या पोर्टच्या वर्णनात. याचा फायदा एका दुपारी दिसला. मीटिंगच्या खोलीत कोणीतरी टेबलावरच्या छोट्या स्विचची केबल त्याच स्विचला परत लावली. एरवी अशा फेऱ्यात अडकलेले ब्रॉडकास्ट (सगळ्यांना जाणारे संदेश) सगळं नेटवर्क बसवतात. आमच्याकडे वापरकर्त्यांच्या पोर्टांवर बीपीडीयू गार्ड (असा फेरा ओळखून पोर्ट बंद करणारी सोय) चालू होतं, त्यामुळे तेवढा एक पोर्ट बंद पडला आणि लॉगमध्ये खोलीच्या नावासकट नोंद आली. शोधाशोध झालीच नाही. मॅनेज्ड स्विच घेऊन ही सेटिंग न लावणं म्हणजे घेतलेली गोष्ट न वापरणं.

दोन स्विच एकमेकांना एसएफपी प्लसच्या तांब्याच्या डीएसी केबलने (दोन्ही टोकांना प्लग बसवूनच येणाऱ्या) जोडलेत, 10 गिगाबिटवर. एकाच रॅकमधल्या अंतराला यापेक्षा सोपं काही नाही. आरजे45 चं (नेहमीच्या नेटवर्क केबलच्या प्लगचं) मॉड्यूल वापरून तेच काम होतं, पण ते हात लावता येणार नाही इतकं तापतं.

बसवताना रॅकच्या भोकांकडे लक्ष द्या. एका यूची उंची 44.45 मिलिमीटर आणि त्यात तीन भोकं, पण त्यांतली अंतरं सारखी नसतात: दोन वेळा 15.9 आणि मग 12.7. यूची हद्द त्या जवळच्या जोडीच्या मधोमध येते. केज नट (स्क्रूसाठी भोकात बसवायचा नट) एक भोक वर लागला तर खालचं-वरचं उपकरण बसत नाही. खांबांवर यूचे आकडे छापलेला रॅक मिळाला तर तोच घ्या, काम निम्मं होतं. केज नट बसवायचं हत्यारही घ्या, स्क्रू ड्रायव्हरने बोटं सोलतात.

खटकणारी गोष्ट एकच: या स्विचमध्ये बदल केल्यावर ते वेगळं बटण दाबून साठवावे लागतात, नाहीतर वीज गेली की जातात. बऱ्याच स्विचमध्ये असंच असतं, पण इथे न साठवल्याची सूचना अगदी कोपऱ्यात बारीक अक्षरात येते. त्यामुळे प्रत्येक बदलानंतर साठवणं आणि सेटिंगची फाइल तारखेसह बाहेर काढून ठेवणं हा आमचा नेम आहे. एवढं सोडलं तर हेच दोन स्विच मी पुन्हा घेईन, फक्त पीओईचा मोठ्या क्षमतेचा. कॅमेरे अजून वाढणार आहेत आणि 370 वॉटमध्ये आता फार थोडे उरलेत.