रिसीव्हर की वेगळा पॉवर अ‍ॅम्प?

घरच्या 5.1 साठी (पाच स्पीकर, एक सबवूफर) एव्ही रिसीव्हर घ्यावा, म्हणजे प्रोसेसर आणि अ‍ॅम्प एकाच डब्यात, की आवाज वाटून देणारा प्रोसेसर आणि स्पीकरना ताकद देणारा पॉवर अ‍ॅम्प वेगवेगळे, इथंच गाडी अडलीय ना? खोक्यावरच्या वॅटच्या आकड्यांना भुलू नकोस. ते बहुधा दोनच चॅनेल, म्हणजे दोनच स्पीकरच्या वाटा, चालवून मोजलेले असतात. शिवाय वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो जेमतेम 3 डेसिबल. तेवढं काम 87 ऐवजी 90 डेसिबल संवेदनशीलतेचा (तेवढ्याच वॅटला किती मोठा वाजतो त्याचं माप) स्पीकरही करतो.

खर्च, जागा, वायरींचा गुंता, तिन्हींत रिसीव्हर सरस. टिकण्यात मात्र उलटं: एचडीएमआयची आवृत्ती बदलली की अख्खा रिसीव्हर जुना होतो, पॉवर अ‍ॅम्पला त्याचं सोयरसुतक नसतं.

मध्यम खोली, 8 ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा) स्पीकर असतील तर रिसीव्हर पुरे. मोठा हॉल आणि 4 ओहमचे, जास्त करंट ओढणारे हट्टी स्पीकर असतील तर वेगळा अ‍ॅम्प. ठरतच नसेल तर प्री-आउटवाला (बाहेरच्या अ‍ॅम्पला सिग्नल देणारी जोडणी असलेला) रिसीव्हर घे, अ‍ॅम्प नंतर जोडता येतो.