तीन वर्षांचं एलएलबी केलं, त्यातल्या विषयांचा आणि ऑप्शनलचा प्रामाणिक रिव्ह्यू

२०२२ ला ॲडमिशन घेतली, २०२५ ला पास झाले, वकिलीची सनद हातात आली, वकिली करायला लागणारी बार एक्झाम पण निघाली, म्हणून आता कोर्सबद्दल नीट लिहिते. मी बीकॉम, मधे दहा-बारा वर्षं घर आणि मुलं, आणि अडतिसाव्या वर्षी लॉची प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी दिली. कॉलेज जिल्ह्याच्या ठिकाणचं आहे, नाव देत नाही, कारण तक्रारी पण लिहिणार आहे आणि हा रिव्ह्यू मुळात कोर्सचा आहे.

सीईटीबद्दल फार नाही सांगत. पेपर मराठीतूनही देता येतो, निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नका. ग्रॅज्युएशनला ओपनला ४५ टक्के लागतात. खरं डोकं लावायचं ते त्यानंतर, आणि तिथेच आपण सगळे ढिले पडतो, कारण ॲडमिशन मिळाली याच आनंदात असतो.

आधी हिशोब समजून घ्या, मला हा तिसऱ्या सेमला कळला. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे २००८ चे नियम आहेत, त्याप्रमाणे लॉचे कंपल्सरी विषय २०, प्रॅक्टिकलचे पेपर ४ आणि ऑप्शनल कमीत कमी ६. म्हणजे ३० पेपर, सहा सेमिस्टर. ते २० विषय कुठल्याही कॉलेजला गेलात तरी तेच असतात, कॉन्ट्रॅक्ट दोन पेपर, फॅमिली लॉ दोन, राज्यघटना दोन, लेबर दोन, मग टॉर्ट (नुकसानभरपाईचा कायदा), क्राइम्स, प्रॉपर्टी, एव्हिडन्स (पुराव्याचा कायदा), सीपीसी (दिवाणी दाव्यांची कार्यपद्धती), कंपनी, टॅक्स, एन्व्हायर्न्मेंट वगैरे. पाच वर्षांच्या कोर्सलाही लॉचा भाग हाच, फक्त बारावीनंतर जाता येतं आणि बीए किंवा बीबीएचे विषय जोडलेले असतात. तेव्हा कॉलेज-कॉलेजमधला खरा फरक पडतो तो त्या चार प्रॅक्टिकल पेपरमध्ये आणि सहा ऑप्शनलमध्ये, आणि ॲडमिशनच्या वेळी नेमकं त्याबद्दलच कोणी विचारत नाही. सगळे विचारतात फी किती, हॉस्टेल आहे का, अटेंडन्सचं कसं आहे.

कंपल्सरीतले माझे लाडके विषय एव्हिडन्स आणि सीपीसी. सीपीसी सुरुवातीला अंगावर येतं, ऑर्डर आणि रूल्सचं जंगल आहे, पण एकदा दावा कसा दाखल होतो, समन्स कसं बजावतात, कैफियत म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर कधी द्यायचं, हा क्रम डोक्यात बसला की मग ते गोष्टीसारखं वाचता येतं. आमच्या बॅचची एक वेगळीच परीक्षा झाली. पहिल्या वर्षी आम्ही आयपीसी, म्हणजे जुनी दंड संहिता, घोकून पाठ केलं आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाचं ३०२ गेलं १०३ आलं, फसवणुकीचं ४२० गेलं ३१८ आलं, ५११ कलमांचा कायदा ३५८ वर आला. क्रिमिनल प्रोसिजर आणि एव्हिडन्स पण त्याच दिवशी बदलले. सेकंडहँड बेअर ॲक्ट (नुसत्या कलमांचं पुस्तक) घेताना हे बघून घ्या, तीन नवे कायदे नवेच घ्या, बाकी जुनी पुस्तकं चालतात. जुनं आयपीसी फेकू मात्र नका, १ जुलैच्या आधी घडलेल्या गुन्ह्यांच्या केसेस अजून त्याच कलमांवर चालतायत.

आता ऑप्शनल. नियमात गट आहेत, घटना, बिझनेस लॉ, इंटरनॅशनल ट्रेड, गुन्हेगारी, आंतरराष्ट्रीय कायदा, शेती आणि बौद्धिक संपदा असे सात. वाचताना वाटतं वा, केवढी निवड आहे. प्रत्यक्षात आमच्या फॉर्मवर आठ विषय छापलेले आणि नोटीस बोर्डावर लागलं की शिकवले जातील दोनच, बाकी घ्यायचे तर स्वतः वाचा, परीक्षा द्या. ही माझी कॉलेजबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार आहे. विषयाला मास्तर नाही तर फॉर्मवर नाव कशाला छापता? आमच्यातली निम्मी पोरं शेतकऱ्याच्या घरातली, उद्या तालुक्याच्या कोर्टात बसणार, त्यांच्यासमोर पहिला पक्षकार येणार तो बांधाचं भांडण किंवा वाटपाचा दावा घेऊन, आणि त्यांना जमिनीचे कायदेच शिकायला मिळणार नाहीत. आम्ही सतरा जणांनी सह्यांचा अर्ज दिला, प्राचार्यांच्या केबिनबाहेर तीन वेळा उभे राहिलो, तेव्हा कुठे महसूल खात्यातून रिटायर झालेले एक नायब तहसीलदार शनिवारी शिकवायला यायला लागले.

आणि तो तीन वर्षांतला सगळ्यात भारी विषय निघाला. सरांनी पहिल्याच तासाला पुस्तक बंद करायला लावलं आणि म्हणाले, पुढच्या शनिवारी प्रत्येकाने आपापल्या घरचा सातबारा घेऊन यायचा. मी माहेरचा आणला, वडिलांच्या नावचा. सर एकेक रकाना वाचून घेत होते, भोगवटादार वर्ग १ म्हणजे काय, वर्ग २ असेल तर विकताना परवानगी का लागते, आणि माझ्या कागदावर येऊन इतर हक्काच्या रकान्यावर बोट ठेवून थांबले. तिथे सोसायटीच्या कर्जाचा बोजा होता. ते कर्ज आजोबांनी कधीच फेडलं होतं, घरात सगळ्यांना माहीत होतं, पण बोजा कमी करायला कोणी गेलंच नव्हतं, आणि इतकी वर्षं तो सातबारा घरातल्या कपाटात होता, आम्ही कोणी वाचलाच नव्हता. सर म्हणाले, ताई, हा तुमचा प्रोजेक्ट. सोसायटीकडून बेबाकीचं, म्हणजे कर्ज फिटल्याचं पत्र काढलं, तलाठ्याकडे अर्ज दिला, नोंद धरली गेली, नोटीस निघाली, हरकतीचे पंधरा दिवस गेले आणि मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार मंजूर केला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४९ आणि १५०, हे मला आता झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. बाबांच्या हातात नवा उतारा दिला तेव्हा ते दोन मिनिटं नुसते कागद बघत बसले. कूळकायदा पण असाच शिकलो, १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाला कूळ मालक कसा झाला, कुळाने जमिनीची द्यायची कलम ३२ ग ची किंमत म्हणजे काय, सगळं घराघरातल्या जुन्या फेरफारांवरून.

म्हणून ऑप्शनल निवडताना सोपा कुठला, मार्क कशात पडतात, मागच्या वर्षीचं गाईड कोणाकडे आहे, एवढ्यावर नका जाऊ. तुम्ही कुठे बसणार आहात ते बघा. तालुका-जिल्हा कोर्ट करायचं असेल तर जमीन, सहकार आणि भाडे नियंत्रण. पुण्या-मुंबईत कंपनीत जायचं असेल तर बँकिंग, इन्सॉल्व्हन्सी (दिवाळखोरी), बौद्धिक संपदा घ्या, त्यांना कूळकायद्याचा काही उपयोग नाही. फौजदारी करणाऱ्याने गुन्हेगारीच्या गटातलं घ्यावं. मी एक पेपर मैत्रिणीने घेतला म्हणून घेतला होता, पास झाले आणि विसरले, ते सहा महिने गेलेच.

प्रॅक्टिकलचे चार पेपर म्हणजे ड्राफ्टिंग, प्रोफेशनल एथिक्स, एडीआर (कोर्टाबाहेर वाद मिटवणं) आणि चौथा मूट कोर्ट (सरावासाठी लुटुपुटीचा खटला) व इंटर्नशिपचा. चौथ्याचे मार्क असे, तीन मूटचे ३०, दोन खटले कोर्टात बसून बघायचे, एक दिवाणी एक फौजदारी, त्याचे ३०, पक्षकाराची मुलाखत, प्री-ट्रायलची तयारी आणि डायरीचे ३०, आणि वायवा १०. कागदावर इतका सुंदर पेपर दुसरा नाही. आमच्याकडे तिन्ही मूट एकाच दुपारी उरकले आणि जर्नलमध्ये तीन वेगळ्या तारखा टाकायला सांगितल्या. मला ते फार लागलं. उभं राहून बोलायची भीती जायला तीन वेगळे दिवस हवे असतात, एका दुपारी तीनदा तेच वाचून दाखवून ती जात नाही.

खटला बघायचं मात्र मी स्वतः मनावर घेतलं. बरीच मुलं सीनियरचं जर्नल उतरवून काढतात, तसं प्लीज करू नका. मी सेशन कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसायचे, एका मारहाणीच्या केसमध्ये जप्तीचा पंच साक्षीला होता. सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलांच्या प्रश्नांना, सगळं बरोबर बोलला, काठी माझ्यासमोर जप्त केली, सील केली, सही माझी आहे. मग बचावाचे वकील उठले, आवाज अजिबात चढवला नाही, एवढंच विचारलं की तुम्ही सही केली तेव्हा कुठे बसला होतात. तो सहज म्हणाला, पोलिस स्टेशनात बाकड्यावर. अजून काही कागद होते का? होते, चार-पाच होते, सगळ्यांवर केल्या. जज साहेब स्टेनोला मराठीत एकेक वाक्य सांगत होते आणि मला समोर ती जप्ती ढासळताना दिसत होती. पंचनामा जागेवर झाला की ठाण्यात, याने काय फरक पडतो ते पुस्तकात दहा वेळा वाचलं होतं, त्या बाकावर बसून एका प्रश्नात कळलं. घरी जाऊन एव्हिडन्सचं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

अटेंडन्स ७० टक्के लागतो आणि खरंच लागतो, नोकरी सांभाळून करू म्हणणाऱ्यांनी आधी विचार करा. इंटर्नशिप तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे, एकदम करता येत नाही, वर्षातून सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही, म्हणून पहिल्याच सुट्टीपासून सुरू करा. नुसतं सर्टिफिकेट देणारे वकील भरपूर आहेत, त्यांच्याकडे नका जाऊ, जो तुम्हाला तारखेला कोर्टात नेईल आणि रोजनामा वाचायला सांगेल त्याच्याकडे जा.

भाषेचं सांगते कारण मला खूप जण विचारतात. आमच्या युनिव्हर्सिटीत पेपर मराठीत लिहिता येतो, मी दोन सेम लिहिला पण. खालच्या कोर्टात कामकाज मराठीतच असतं, तेव्हा मराठी ड्राफ्टिंग पक्कं करा, पण निकाल वाचायला इंग्रजी लागतंच. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश जवळ ठेवा, फार उपयोगी पडतो.

पुढचा खर्च पण बघून ठेवा. सनदेची फी सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये जनरलला ७५० रुपयांवर आणि एससी-एसटीला १२५ वर बांधून दिली आहे. बार एक्झामला १०० प्रश्न, जनरल आणि ओबीसीला ४५ टक्के हवेत, बेअर ॲक्ट नेता येतो पण त्यात काही लिहिलेलं चालत नाही, म्हणून अभ्यासाची एक आणि परीक्षेची एक कोरी प्रत ठेवा. आणि जजची परीक्षा द्यायची स्वप्नं असतील तर सुप्रीम कोर्टाच्या मे २०२५ च्या निकालानंतर आधी तीन वर्षं वकिली कंपल्सरी आहे, त्या हिशोबाने वय मोजा.

ॲडमिशनच्या आधी कॉलेजात जाऊन ऑफिसात नाही तर तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा, मागच्या वर्षी कुठले ऑप्शनल खरंच वर्गात शिकवले, कोणी शिकवले, आणि त्यांचं मूटचं जर्नल उघडून बघायला मागा. तिन्ही मूटची शाई आणि तारखा बघितल्या की लगेच कळतं.

माझ्या जमीन कायद्याच्या वहीच्या नोट्स मराठीत आहेत, सरांनी सांगितलेल्या फेरफारांच्या उदाहरणांसकट. कोणाला हव्या असतील तर खाली लिहा, स्कॅन करून पाठवते.