टर्नबकल कोपर-स्प्लिंट: भाजल्यानंतर आखडलेल्या कोपराला कितपत उपयोगी?

गंभीर भाजल्यानंतर कोपर आखडतं त्याची मुख्य कारणं तीन. वरची कातडी आणि ग्राफ्ट (जखमेवर लावलेली दुसरीकडची कातडी) आकसतात, सांध्याभोवतीचं वेष्टन घट्ट होतं, किंवा सांध्याजवळच्या मऊ भागात भलत्याच जागी हाड धरतं. टर्नबकल स्प्लिंट, म्हणजे दांडा फिरवून कोपर हळूहळू ताणणारा हाताचा आधार, पहिल्या दोन कारणांवर चांगला चालतो. तिसऱ्यात हाडच आडवं आलेलं असेल तर चालत नाही, उलट अपाय करतो. बाहेरून मात्र तिन्ही कोपरं सारखीच दिसतात, आणि माप घेणारा कारागीर एक्स-रे मागेलच असं नाही. म्हणून वस्तूच्या गुणदोषांआधी थोडं या हाडाबद्दल.

हेटरोटॉपिक ऑसिफिकेशन हे त्याचं पूर्ण नाव, वॉर्डात सगळे ‘एचओ’ म्हणतात. हा नुसता कॅल्शियमचा थर नसतो, रचना असलेलं खरं हाड असतं. शरीराचा मोठा भाग भाजलेला, जखमा उशिरा भरलेल्या, बरेच दिवस व्हेंटिलेटरवर आणि अंथरुणाला खिळलेला रुग्ण असेल तर धोका जास्त. कोपराची कातडी भाजलेली नसली तरी तिथे हाड धरू शकतं. भाजल्यानंतर साधारण पहिल्या ते चौथ्या महिन्यात त्याची चाहूल लागते. काल जेवढं वाकत होतं तेवढं आज वाकत नाही, व्यायाम नेमाने चालू असूनही आठवड्यागणिक अंश कमी होत जातात, शेवटच्या टप्प्यात सांधा दुखतो.

ओळखायची साधी खूण म्हणजे हालचालीचं शेवटचं टोक. कोपर सावकाश सरळ करत नेल्यावर शेवटी ओल्या चामड्यासारखी ताण देणारी लवचीक अडवणूक लागली, तर कातडी आणि वेष्टन दोषी. दार चौकटीवर आपटावं तसं एकदम ठक्क थांबलं, तर हाडाचा संशय घ्यायचा. समोरून आणि बाजूने असे दोन एक्स-रे काढायचे. सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रे कोरा येऊ शकतो, त्यामुळे संशय फिटला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी परत काढावा. रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर (एन्झाइम) वाढतं, पण ते इतर कारणांनीही वाढतं. एकट्या त्या आकड्यावर काही ठरवू नये.

आता स्प्लिंट. दंडावर एक आणि कोपराखालच्या हातावर एक अशी दोन अर्धगोल कवचं, कोपराच्या दोन्ही बाजूंना बिजागऱ्या, आणि दोन कवचांना जोडणारा टर्नबकल. टर्नबकल म्हणजे एका टोकाला उजवे आणि दुसऱ्या टोकाला डावे आटे असलेला दांडा. मधला भाग फिरवला की दोन्ही टोकं एकदम लांब जातात किंवा जवळ येतात. स्प्रिंगवाला स्प्लिंट सतत ओढत राहतो. हा एका कोनात नेऊन तिथेच धरून ठेवतो, ऊतक त्या ताणाला सैलावलं की पुढचा फेरा. मार लागून आखडलेल्या कोपरांवर या दोन प्रकारांची तुलना करणारी चाचणी 2012 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात अखेरच्या निकालात लक्षणीय फरक आढळला नाही. तरीही भाजलेल्या हाताला आमची पसंती टर्नबकललाच. ताण किती घ्यायचा हे रुग्णाच्या हातात राहतं, आणि नाजूक ग्राफ्टवर सतत ओढ बसत नाही.

वापरण्याची रूढ पद्धत अशी: 30 मिनिटांची एक बैठक, दिवसातून तीनदा. दर 5 मिनिटांनी थोडा फेरा वाढवायचा. ताण जाणवला पाहिजे, दुखता कामा नये. कळ आली तर एक फेरा मागे. बैठक झाल्या झाल्या स्वतःच्या जोराने कोपर हलवून घ्यायचं, नाहीतर मिळवलेले अंश तासाभरात परत जातात.

इथे एक गोष्ट हमखास चुकते. ‘रोज दोन फेरे’ असं कागदावर लिहून दिलं जातं, पण फेरा आणि अंश यांचं नातं ठरलेलं नसतं. 6 मिलिमीटरच्या नेहमीच्या दांड्याला आट्यांमधलं अंतर 1 मिलिमीटर असतं, म्हणजे एका फेऱ्यात दांडा 2 मिलिमीटर लांबतो. दांड्याची टोकं बिजागरीपासून 12 सेंटिमीटरवर बसवली असतील, तर कोपर काटकोनात असताना त्या एका फेऱ्याने जेमतेम सव्वा-दीड अंश पडतो. तेच कोपर सरळ होत आलं, शेवटचे 30 अंश उरले, की एका फेऱ्यात साडेतीन अंशांहून जास्त. सुरुवातीला निवांत वाटलेला स्प्लिंट महिन्याभराने अचानक ‘लागायला’ लागतो तो यामुळे. फेरे मोजू नयेत, गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायची पट्टी) लावून अंश मोजावेत आणि वहीत तारखेसकट लिहावेत.

मापातली सगळ्यात महागडी चूक बिजागरीची. तिचा मध्य कोपराच्या बाहेरच्या टोकदार हाडाच्या रेषेत यायला हवा. सेंटिमीटरभर वर बसली तरी प्रत्येक फेऱ्याला कवच कातडीवरून घासत सरकतं. धडधाकट कातडी हे सोसते. ग्राफ्टवर फोड येतात, फोड फुटला की आठवडाभर स्प्लिंट बंद, आणि तेवढ्यात कोपर पुन्हा आखडतं. स्प्लिंट काढल्यावर उमटलेली लाली 20 ते 30 मिनिटांत गेली पाहिजे. गेली नाही तर त्या जागी कवच गरम करून उचलून घ्यावं, आतून फोमचा आणखी थर चिकटवू नये. थराने दाब कमी होत नाही, नुसता शेजारी सरकतो.

कोपराच्या आतल्या बाजूला, हाडामागच्या खोबणीतून अल्नर नस (रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू) जाते. एचओचं हाडही बहुतेक वेळा तिथेच, मागे आणि आतल्या अंगाला धरतं, म्हणजे नस आधीच चेपलेली असू शकते. कवच तिथून मोकळं हवं. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या आल्या, तर स्प्लिंट लगेच काढायचा आणि डॉक्टरांना गाठायचं. ‘सवय होईल’ हा सल्ला इथे चुकीचा आहे.

तक्रारी आणखीही आहेत. घडण बोजड, शर्टाची बाही वर चढत नाही. पॉलिप्रोपिलिन या कडक प्लास्टिकच्या कवचाखाली कोकणातल्या दमट हवेत घामाचं डबकं होतं, तेव्हा भोकं पाडून घ्यावीत आणि आत सुती स्टॉकिनेट (विणलेली नळीसारखी बाही) घालावं. कमी तापमानाला मऊ होणाऱ्या थर्मोप्लास्टिकचं कवच असेल तर ते उन्हात उभ्या गाडीत विसरू नये, आकार बिघडतो. खोबरेल लावलेल्या हातावर चढवला तर फोमचा गोंद सुटतो. वाकवण्यासाठी हा स्प्लिंट काटकोनापलीकडे फारसा कामाचा नाही, कवचं एकमेकांना टेकायला लागतात. घास तोंडापर्यंत न्यायला मात्र 130 अंशांच्या आसपास वाकावं लागतं. त्यासाठी मनगटाकडून दंडाकडे ओढणारा वेगळा पट्टा लागतो, तो सोबतच मागून घ्यावा.

एक्स-रेत हाड दिसलं तर? हाड अजून तयार होत असेल, कोपर गरम आणि सुजलेलं असेल, तर ताण देणारा स्प्लिंट थांबवावा. दुखणार नाही इतपत, रुग्णाने स्वतःच्या जोराने केलेली हालचाल चालू ठेवावी. पूर्ण बंद ठेवणंही वाईटच. जबरदस्तीच्या ओढाताणीने स्नायूत बारीक रक्तस्राव होऊन हाड वाढतं, असं सशांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. हाडवैद्याकडून झटका देऊन कोपर ‘मोकळं’ करून घेणं म्हणूनच सगळ्यात घातक. पूल बांधावा तसं हाड दोन्हीकडे जुळलं असेल, तर ऑपरेशनशिवाय इलाज नाही. पूर्वी त्यासाठी वर्ष-दीड वर्ष थांबत. आता जखमा भरल्या आणि एक्स-रेत हाडाची कड स्पष्ट दिसू लागली की त्याआधीही करतात, आणि त्याच वेळी नस मोकळी करतात. इंडोमेथासिन हे सूज-वेदना कमी करणारं औषध हाड परत धरू नये म्हणून देतात, पण भाजलेल्या रुग्णाच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला ते झेपेल का, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांत हालचाल सुरू होते, आणि सर्जनने परवानगी दिली की टर्नबकल इथे पुन्हा मैदानात येतो. त्याचा सर्वांत चांगला उपयोग कदाचित हाच.

आमच्याकडून पाचपैकी साडेतीन तारे. हाड अडवत असलेल्या कोपराला शून्य. किमतीची घासाघीस करण्यापेक्षा नंतरच्या दुरुस्त्या त्याच पैशांत आहेत का ते विचारा, कारण सूज उतरली की माप बदलतं. दुसरा हातही भाजलेला असेल तर पान्याने फिरवायचा दांडा घेऊ नका. आखडलेल्या बोटांनाही पकडता येईल अशी जाड, खरबरीत चकती बसवून मागा. दांड्याला चेकनट (फिरवलेला दांडा जागीच घट्ट धरणारी नट) आहे ना ते पाहा, नसेल तर हात हलताना दांडा आपोआप फिरतो. आणि पहिल्या दिवशी स्प्लिंट घालून अर्धा तास वर्कशॉपमध्येच बसा, काढून लाली कुठे उमटली ते कारागिराला दाखवा, मगच घरी न्या.