व्हेगन सोडून परत मासे सुरू करताय? सिटीलाइटच्या मार्केटला जा

माटुंगा रोडला उतरून पश्चिमेला चालत जाता येतं, सिटीलाइट थेटरजवळचं मासळी मार्केट. मी काही वर्षं पक्की व्हेगन होते, दूध-तूपसुद्धा बंद, आता परत मासे सुरू केलेत आणि वजन होतं तिथेच आहे, त्याचं बरंच श्रेय या मार्केटला म्हणून रिव्ह्यू लिहितेय.

सुरुवातीला सगळे म्हणाले एखाद्या मालवणी हॉटेलात जाऊन मस्त थाळी खा. पण थाळीत तेल किती ते आपल्या हातात नसतं ना. तेलाच्या एका मोठ्या चमच्यात साधारण १२० कॅलरी, तुकडी रव्यात घोळवून तळली की ते तेल पोटात, वर सोलकढीतलं नारळाचं दूध, वर भात परत परत. वजन वाढवतं ते हे सगळं. घरी आणून कालवण केलं की हिशोब आपल्याकडे राहतो.

इथल्या मावश्यांना नीट सांगितलं की ऐकतात. मी म्हटलं बऱ्याच वर्षांनी खाणार आहे, काय नेऊ, तर मावशी म्हणाली "आधी बोंबील ने बाय, हलकं असतं." खरंच आहे ते, बोंबलात पाणी भरपूर आणि चरबी अगदी कमी. लसूण, मिरची, कोथिंबीर वाटून चिंच घालून केलं, नारळ नाही, तेल फोडणीपुरतं, पोट अजिबात जड झालं नाही. मग बांगडा, तिरफळं घालून तिखलं. बांगडा तेलकट मासा आहे, ओमेगा-३ साठी उत्तम पण कॅलरी बोंबलापेक्षा जास्त, म्हणून एकच घेते. साफ करून, हव्या तशा तुकड्या पाडून देतात, कालवणाला की तळायला ते आधीच सांगा.

ताजेपणाला माझ्याकडून पूर्ण मार्क. तरी कल्ले उघडून बघायचेच, लालभडक हवेत, डोळे स्वच्छ हवेत आणि बोट दाबलं तर खड्डा राहता कामा नये.

आता वजनाचं. मासे मी ताटात वरून भर म्हणून घेतले नाहीत, भात-पोळीच्या बदली घेतले. ज्या दिवशी कालवण त्या दिवशी भात अर्धा, दुसरी पोळी नाही. व्हेगन असतानाच्या उसळी, डाळी, कोशिंबिरी मात्र तशाच ठेवल्यात कारण माशात फायबर नसतंच आणि पोट भरल्यासारखं वाटायला ते लागतं. बी-१२ व्हिटॅमिन मिळतं हा मोठा फायदा (गोळ्यांनीही मिळतं पण मला मासेच खायचे होते). पहिल्या काही दिवसांत वजनाचा काटा थोडा वर गेला तर घाबरू नका प्लीज, मीठ जास्त गेलं की शरीर पाणी धरून ठेवतं, ती चरबी नसते.

रविवार, बुधवार, शुक्रवारी तुफान गर्दी असते. मंगळवारी-गुरुवारी बरेच जण खात नाहीत तेव्हा निवांत बोलता येतं, निवड थोडी कमी असते पण मला तेच बरं वाटतं. भाव करावा लागतो, ज्यांना जमत नाही त्यांनी सोबत कुणाला तरी न्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, तेव्हा समुद्राचं ताजं कमी आणि महाग, त्या दोन महिन्यांत मी अंडी आणि बिनकातडीचं चिकन ब्रेस्ट करते.

झाकणाचा स्टीलचा डबा घरून न्या, ट्रेनमध्ये पिशवी गळत नाही.