बाबांची पद्मिनी: पूर्ण रिस्टोरेशन की जपून दुरुस्ती?

1975 साली कोरी घेतलेली प्रीमियर पद्मिनी गाडी अजून घरातच आहे, आरसी बुकात पहिल्यापासून बाबांचंच नाव. आता तिचं काम काढायचंय आणि वाटा दोन आहेत.

एक, गाडी पूर्ण खोलून, रंग पत्र्यापर्यंत उतरवून नव्याने उभी करायची. या गाडीला वेगळी चासी (खालचा लोखंडी सांगाडा) नाही, सगळा भार बॉडीच पेलते. म्हणून फ्लोअर किंवा दाराखालचा पत्रा कुजला असेल तर वरून पुट्टी भरणं धोक्याचं. कापून नवा पत्रा वेल्ड करायलाच हवा. काम झाल्यावर गाडी झळाळते खरी, पण खर्च हाताबाहेर जातो आणि काढलेली रबरं, क्रोमच्या पट्ट्या पुन्हा नीट बसतीलच असं नाही.

दुसरी वाट, ब्रेक, पेट्रोलच्या नळ्या, वायरिंग आणि कार्बोरेटर तेवढे करायचे. 1089 सीसीचं साधं इंजिन. जुना मेकॅनिक आवाजावरून दोष सांगतो. स्टीअरिंगखालच्या गिअरच्या दांड्याची मूठ बाबांच्या तळहाताने गुळगुळीत झालीय. ती नवी कुठून आणणार?

शिवाय 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज नोंदणीला गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली लागते. चासी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत.

माझा कौल दुसऱ्या वाटेला. पावसाळ्याआधी मॅट उचलून स्क्रूड्रायव्हरने फ्लोअर टोचून बघणार; टोक आरपार गेलं, तर तेवढाच पत्रा बदलणार.